शिकागोचे रिंगण

सरासरी ही विकता येण्याजोगी वस्तू आहे असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर व्यवहारी माणसांनी त्याची कीव केली असती. गहू विकता येतो, कापूस विकता येतो, कंपनीचा शेअरही विकता येतो. कारण शेवटी कोणीतरी कोणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवू शकतो. पण शेकडो कंपन्यांच्या भावांवरून एक आकडा काढावा, त्याला निर्देशांक म्हणावे आणि तो आकडा तीन महिन्यांनी किती असेल यावर दोन अनोळखी माणसांनी करार करावा, ही गोष्ट वेगळी आहे. येथे हातावर ठेवायला काहीच नाही. असा वायदा जगात प्रथम उघडला तो २४ फेब्रुवारी १९८२ रोजी, अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे, आणि तोही एका गव्हाच्या बाजारात. दोन महिन्यांनी, २१ एप्रिलला, शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने ‘स्टँडर्ड अँड पूअर्स ५००’ या निर्देशांकाचा वायदा सुरू केला आणि पुढची सारी कथा त्याच शहरात घडली.

या शिकागोच्या बाजाराचे पूर्ववृत्त मोठे मजेचे आहे. १८९८ साली तो लोणी आणि अंडी यांचा बाजार म्हणून स्थापन झाला. १९१९ मध्ये त्याने आजचे भारदस्त नाव घेतले, तरी माल तोच राहिला. पुढे त्यात कांदा आला. १९५५ च्या सुमारास दोघा व्यापाऱ्यांनी मिळून शिकागोतील कांदा असा काही ताब्यात घेतला, आणि मग असा काही एकदम सोडला, की ज्या गोणीत तो भरला होता तिची किंमत आतल्या कांद्यापेक्षा अधिक झाली, असे म्हणतात. शेतकरी खवळले आणि १९५८ साली अमेरिकन काँग्रेसने कांद्याच्या वायद्यावर कायद्यानेच बंदी घातली. ती अद्याप उठलेली नाही. कांद्याने सरकारे हलतात हे आपणा महाराष्ट्रीयांस कोणी नव्याने सांगावयास नको. पण या प्रकरणातून एका बाजाराचे दैव फिरले, ते असे. हाताशी माल नाही म्हणून तो नव्या वस्तू शोधू लागला. १९६१ मध्ये गोठवलेले डुकराचे मांस, १९७२ मध्ये परदेशी चलने, आणि अखेर हा निर्देशांक.

या शोधामागे ज्या गृहस्थांची बुद्धी होती त्यांचे नाव लिओ मेलामेड. जन्म १९३२, पोलंडमधील बियालिस्तोक गावी, ज्यू शिक्षक दांपत्याच्या पोटी. युद्ध पेटले तेव्हा हे कुटुंब लिथुआनियात निसटले. तेथील जपानी वकिलातीत सुगिहारा नावाच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांचा आदेश डावलून हजारो निर्वासितांना परवाने लिहून दिले, त्यांत हेही होते. सैबेरिया ओलांडून जपान, आणि तेथून १९४१ साली अमेरिका. हा मुलगा पुढे वकिलीचे शिक्षण घेत असता शिकागोच्या बाजारात निरोप्याचे काम करू लागला आणि १९६९ मध्ये त्याच बाजाराचा अध्यक्ष झाला. सुगिहारा हे एका वकिलातीतील अधिकारी होते आणि त्यांच्या हातात लेखणी व शिक्का यांखेरीज काही नव्हते, ही गोष्ट माझ्यासारख्या कारकुनास विसरता येत नाही. असो.

आता प्रश्न असा, की ज्या मालाची पोच देता येत नाही त्याचा वायदा हा जुगार नव्हे काय? अमेरिकन न्यायालयांपुढे हा प्रश्न फार जुना आहे. १९०५ साली न्यायमूर्ती होम्स यांनी धान्याच्या वायद्यांबाबत निवाडा दिला, की परस्परांचे सौदे वजा करून फरक चुकता करणे ही एक प्रकारची पोचच होय. परंतु तेथे निदान मागे धान्य तरी होते. निर्देशांकाच्या वायद्यात वलणाच्या दिवशी केवळ रोख फरक द्यावयाचा असतो. अशी रोख फेडीची रीत शिकागोत डिसेंबर १९८१ मध्ये व्याजदराच्या एका करारासाठी प्रथम मान्य झाली, आणि तिच्याच पाठीवर बसून निर्देशांक बाजारात आला. त्याच सुमारास रोख्यांवर देखरेख करणारा आयोग आणि वायद्यांवर देखरेख करणारा आयोग यांच्या अध्यक्षांनी आपापली हद्द आखून घेतली आणि मार्ग मोकळा झाला. कराराचा हिशेब सोपा होता: निर्देशांकाचा आकडा गुणिले ५०० डॉलर. तेव्हा आकडा ११५ च्या आसपास होता. म्हणजे एक करार सुमारे साडेसत्तावन्न हजार डॉलरांचा. आकडा एका अंकाने हलला की घेणाऱ्याचे वा देणाऱ्याचे पाचशे डॉलर गेलेच.

हा अमूर्त आकडा ज्या जागी विकला जाई ती जागा मात्र विलक्षण मूर्त होती. एखादी बारव डोळ्यांपुढे आणावी: चहूबाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, मध्ये खोलगट तळ. पाण्याच्या जागी माणसे. मुंबईच्या जुन्या शेअरबाजारात जिला ‘रिंग’ म्हणत त्याच जातीचे हे रिंगण; परंतु पायऱ्यांमुळे येथे प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकास दिसे. वरच्या पायरीवर बड्या पेढ्यांचे दलाल, कारण तेथून त्यांना टेलिफोनवर बसलेल्या आपल्या कारकुनांचे इशारे दिसत; खाली आणि मधोमध स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या पैशाने धंदा करणारे. या दुसऱ्या वर्गास तिकडे ‘लोकल’ म्हणत. आपल्याकडचा जॉबर किंवा तारवणीवाला तो हाच. अंगात भडक रंगांचे डगले, की गर्दीतून आपला माणूस ओळखू यावा. तळवा स्वतःकडे वळविलेला असेल तर खरेदी, समोर केलेला असेल तर विक्री. हात पुढे ताणून बोटे दाखविली तर ती भावाची. हनुवटीजवळ दाखविली तर एक ते नऊ नगांची, कपाळाजवळ दाखविली तर दहाच्या पटीची. आणि या सर्वांबरोबर आरोळी. आरोळी ही हौस नव्हती. कायद्याची अट होती. प्रत्येक सौदा उघडपणे आणि चढाओढीने, सर्वांच्या कानांवर पडेल असा झाला पाहिजे, हा नियम.

आपल्या बैलबाजारात दोघे जण रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून भाव ठरवितात. तिसऱ्यास कळू नये हाच त्यातला हेतू. शिकागोचे रिंगण म्हणजे तो रुमाल फाडून काढलेला बाजार, असे म्हटले तर वस्तुस्थितीस फारसे सोडून होणार नाही. तिसऱ्यास कळावे म्हणूनच ओरडावयाचे.

परंतु रुमाल काढला म्हणजे लबाडी गेली असे नव्हे. रिंगणातल्या सौद्याची नोंद पेन्सिलीने एका कार्डावर होई; नेमका क्षण त्यावर नसे, तो मागाहून ताडावा लागे. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी त्या जुळवीत बसणे, हे कारकुनांचे रोजचे काम. गिऱ्हाइकाचा मोठा हुकूम हाती असलेला दलाल आधी स्वतःचा सौदा उरकून घेई, अशी कुजबुज सतत चाले. १९८७ साली निर्देशांकाच्या रिंगणात नियम करावा लागला, की वरच्या पायरीवर उभे राहणाऱ्याने त्या दिवशी स्वतःसाठी धंदा करू नये. १९८९ च्या आरंभी तर उघडकीस आले, की केंद्रीय गुप्त पोलिसांची माणसे दलाल म्हणून शिकागोच्या दोन्ही बाजारांत दीर्घकाळ वावरत होती. सोयाबीन, सरकारी रोखे, येन आणि स्विस फ्रँक या चार रिंगणांतल्या शेहेचाळीस जणांवर त्या ऑगस्टमध्ये आरोप ठेवले गेले. निर्देशांकाचे रिंगण त्यात नव्हते. पण ‘माणूस समोर असला की फसवीत नाही’ हा जो रिंगणाचा मुख्य युक्तिवाद, त्याचा कणा त्या वर्षी मोडला, असे मला वाटते.

यंत्राविरुद्धचा सर्वांत समर्थ युक्तिवाद स्वतः मेलामेड यांनीच १९७७ मध्ये एका विधिविषयक नियतकालिकात मांडला होता. बाजाराला तरलता देतात ती माणसे. त्यांची अंतःप्रेरणा, त्यांची हाव, त्यांचा समोरच्याच्या डोळ्यांतील अंदाज. हे यंत्रास देता येणार नाही, अशी त्यांची भूमिका. दहा वर्षांनी त्यांचे मत पुरते पालटले. १९८७ च्या शरदात त्यांनी सभासदांपुढे प्रस्ताव ठेवला, की बाजार बंद झाल्यावर, रात्रीच्या वेळी, रॉयटर या वृत्तसंस्थेच्या साहाय्याने संगणकावर सौदे चालावेत. त्याच वर्षी या गृहस्थांची एक विज्ञानकादंबरीही प्रसिद्ध झाली! सभासदांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कौल दिला तो अनुकूल. कारण यंत्र केवळ रात्रपाळीचे आहे, दिवसा रिंगण आपलेच, असा त्यांचा समज करून दिला होता. नाव ठेवतानाही ‘बाजारानंतरचा व्यवहार’ अशा अर्थाचे सौम्य नाव निवडले होते. कोणाही कचेरीत नवी पद्धत आणताना प्रथम ‘जुनीस पूरक’ म्हणून आणतात. आमच्याकडे कागदी फायलींच्या जोडीला संगणकावरची फाइल आली तेव्हाही परिपत्रकात ‘पूरक’ हाच शब्द होता, आणि त्याचा अर्थ कळावयास आम्हांस तीन वर्षे लागली.

कौल मिळून पंधरवडा उलटतो न उलटतो तोच १९ ऑक्टोबर १९८७ चा सोमवार उजाडला. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी कोसळला. शिकागोचा वायदा त्याहूनही अधिक, सुमारे २९ टक्के. एका करारामागे जवळजवळ चाळीस हजार डॉलरांची खोट. मोठ्या निधींनी आपल्या शेअरांचा ‘विमा’ म्हणून एक गणिती पद्धत पत्करली होती: भाव उतरू लागले की वायदा विकावयाचा, आणखी उतरले की आणखी विकावयाचा. प्रत्येकाने स्वतंत्रपणे केलेली ही शहाणपणाची योजना सर्वांनी एकदम अमलात आणली, आणि विकत घेणारा रिंगणात उरला नाही. वायदा पडतो म्हणून शेअर विकावयाचे आणि शेअर पडतात म्हणून वायदा, असे दोन शहरांत रहाटगाडगे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास शिकागोने काही वेळ आपला बाजार थांबविलाही. पुढे ब्रॅडी समितीने जानेवारी १९८८ मध्ये अहवाल दिला, त्यात म्हटले की शेअर आणि त्यांचा वायदा हे दोन बाजार नाहीतच, एकच बाजार आहे. आणि घसरण ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दोहोंकडे एकाच वेळी विराम घेतला पाहिजे.

त्या दिवशीची एक बाजू येथे नोंदविणे न्याय्य होईल. लोकलांपैकी अनेक जण रिंगण सोडून निघून गेले हे खरे. पण जे उभे राहिले त्यांना तोंड लपविण्यास जागा नव्हती. भाव पुकारला की तो घ्यावा लागे. आणि प्रत्येक कराराच्या मागे उभे असलेले समाशोधनगृह त्या रात्री टिकले. देणेकऱ्यांकडून रक्कम घेऊन घेणेकऱ्यांस पोचविणारे हे खाते. त्याच्यावर कधीच कोणी निबंध लिहीत नाही. रात्रभर बँकांना दूरध्वनी करून, हमी मिळवून, सकाळी बाजार उघडण्यापूर्वी हिशेब बसविला गेला. तो बसला नसता तर रिंगण चांगले की पडदा चांगला, हा वाद घालावयास कोणी उरलेच नसते.

रात्रीचे यंत्र ‘ग्लोबेक्स’ या नावाने २५ जून १९९२ रोजी सुरू झाले. कित्येक वर्षे ते पहारेकऱ्यासारखे जागत बसले, गिऱ्हाईक बेताचेच. दरम्यान पूर्वेकडे दोन्ही पद्धतींची एक विचित्र जोडी जमली होती. जपानच्या निक्केई निर्देशांकाचा वायदा सिंगापूरमध्ये १९८६ पासून रिंगणात चाले, आणि ओसाका येथे १९८८ पासून तोच निर्देशांक यंत्रावर चाले. एकच आकडा, दोन बाजार, क्षणभर दोन भाव. या फरकावर निर्धोक नफा मिळवितो असे सांगून बेअरिंग्ज या लंडनच्या बँकेचा सिंगापूरमधील तरुण नोकर निक लीसन वरिष्ठांची शाबासकी मिळवीत होता. प्रत्यक्षात तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तोटा दडवीत होता. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहर भूकंपाने हादरले, निक्केई घसरला आणि फेब्रुवारीअखेर १७६२ साली स्थापन झालेली ती बँक बुडाली. तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांचा. बँक विकली गेली एका पौंडास. येथे दोष रिंगणाचा की पडद्याचा? कोणाचाच नव्हे. सौदा करणारा आणि त्याची खतावणी लिहिणारा विभाग एकाच माणसाच्या हाती होता. सरकारी कचेरीला कोणी कितीही नावे ठेवो, बिल करणारा आणि ते मंजूर करणारा एकच असू देणारी कचेरी मी तरी पाहिलेली नाही.

निकाल लागला तो युरोपात, आणि निर्देशांकावर नव्हे, जर्मन सरकारी रोख्यांच्या वायद्यावर. या वायद्याचा बहुतांश धंदा लंडनच्या रिंगणात होता. फ्रँकफुर्टचा बाजार १९९० साली निघाला तो प्रथमपासूनच यंत्राचा. जर्मन शेअरांच्या डाक्स निर्देशांकाचा वायदा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे आला तोही पडद्यावरच. फ्रँकफुर्टने दर उतरविले, परदेशांत पडदे बसविले, आणि १९९७-९८ या अल्प काळात लंडनचा तो धंदा जवळजवळ सगळा उचलून नेला. हे दृश्य पाहून पॅरिसने १९९८ मध्येच रिंगण मोडले; लंडनने १९९९ मध्ये आपला निर्देशांक यंत्रावर नेला आणि नोव्हेंबर २००० पर्यंत शेवटचे रिंगणही बंद केले; हाँगकाँगने जून २००० मध्ये हँग सेंगचा वायदा हलविला. तीन वर्षांत तीन शहरे. शिकागो तेवढे अडून बसले, कारण तेथे बाजाराची मालकी रिंगणात उभे राहणाऱ्या सभासदांकडेच होती, आणि कोणी स्वतःच्या पायांखालची पायरी स्वतः काढीत नाही.

पायरी काढली गेली ती मोठ्या हिकमतीने. निर्देशांक इतका वाढला होता की १९९७ साली मूळ करार चार-साडेचार लाख डॉलरांचा झाला. सामान्य गिऱ्हाइकास तो झेपेना. तेव्हा गुणक ५०० वरून २५० करण्याचे ठरले. आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला एक लघुकरार निघाला, गुणक फक्त ५० डॉलर. ‘ई-मिनी’ असे त्याचे नाव. लहान गिऱ्हाइकाचा किरकोळ माल, म्हणून तो रिंगणात न आणता दिवसरात्र यंत्रावरच ठेवला. बड्या दलालांनी हरकत घेतली नाही. किरकोळीत त्यांना रस नव्हता. काही वर्षांतच किरकोळीने घाऊक गिळून टाकली. रिंगणातले लोकल स्वतःच हातात छोटे पडदे घेऊन, मोठ्या कराराचा आणि लहानाचा भाव ताडून पाहत उभे राहू लागले. २००० साली बाजार सभासदांची संस्था न राहता भागीदारांची कंपनी झाला, २००२ मध्ये त्याचे स्वतःचेच शेअर विक्रीस आले, आणि मग पायऱ्यांचे भाडे आणि पडद्यांची मिळकत यांचा हिशेब संचालकांस सभासदांच्या भावना न पाहता मांडता येऊ लागला.

आपल्याकडे हा झगडा झालाच नाही, याची नोंद केली पाहिजे. राष्ट्रीय शेअरबाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले. मार्च १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवरच्या, १८७५ पासून चालत आलेल्या बाजारानेही संगणक पत्करला आणि तेथील रिंग शांत झाली. निर्देशांकाच्या वायद्यास एल. सी. गुप्ता समितीचा अहवाल आणि १९९९ ची कायद्याची दुरुस्ती यांनंतर परवानगी मिळून तो जून २००० मध्ये आला: मुंबई शेअरबाजारात ९ तारखेला, राष्ट्रीय शेअरबाजारात १२ तारखेला. म्हणजे मुंबईने हा माल आणला तेव्हा आरोळी अगोदरच थांबली होती. सेन्सेक्सचा वायदा कोणी रिंगणात उभे राहून पुकारला, असे एकदाही घडलेले नाही.

पडद्याने काय दिले? भाव सर्वांस एकाच वेळी दिसतो, प्रथम आला त्याचा सौदा प्रथम, प्रत्येक व्यवहाराची क्षणाच्या सूक्ष्म अंशापर्यंत नोंद, दलाली उतरली. नागपूरच्या वा नाशिकच्या माणसास वरच्या पायरीवरील दलालाची मर्जी राखण्याची गरज उरली नाही. हे लाभ मोठे आहेत आणि रिंगणाविषयी हळवे होऊन लिहिणारे ते विसरतात. पण पायरी गेली असे ज्यांना वाटले ते चुकले. रिंगणात उंच माणसास लाभ होता, म्हणून लोक बुटांच्या टाचा वाढवीत आणि बाजाराला त्या टाचांवर मर्यादा घालावी लागली होती. पडद्यामागे उंचीची जागा अंतराने घेतली. बाजाराची यंत्रे शिकागोजवळ ऑरोरा येथे एका इमारतीत आहेत. त्याच इमारतीत आपले यंत्र ठेवण्यासाठी पेढ्या भाडे मोजतात. न्यूयॉर्क-शिकागो या दोन शहरांत २०१० साली मुद्दाम सरळ रेषेत केबल पुरली गेली, निरोप जाऊन येण्याचे एक-दोन सहस्रांश सेकंद वाचावेत म्हणून. आणि मग तीही हळू ठरून मनोऱ्यांवरून सूक्ष्मलहरी धाडू लागले. वरची पायरी अजून आहे. ती फक्त दिसत नाही.

६ मे २०१० च्या दुपारी एका मोठ्या निधीच्या यंत्राने ७५,००० लघुकरार विकावयास काढले. किंमत सुमारे चार अब्ज दहा कोटी डॉलर. भाव काय आणि वेळ किती याचा विचार न करता, बाजारात जेवढी उलाढाल त्याच्या ठरावीक प्रमाणात विकत राहावे, एवढेच त्या यंत्रास सांगितले होते. इतर यंत्रे ते करार घेऊन लगेच परस्परांस विकू लागली, उलाढाल फुगली, म्हणून पहिले यंत्र आणखी जोराने विकू लागले. न्यूयॉर्कच्या घड्याळात दोन वाजून पंचेचाळीस मिनिटे अठ्ठावीस सेकंद झाले असता शिकागोच्या यंत्रातील एका सुरक्षा-योजनेने व्यवहार आपोआप थांबविला. किती वेळ? पाच सेकंद. तेवढ्यात विक्रीचा लोंढा ओसरला, खरेदीदार आले आणि भाव फिरला. १९८७ मध्ये माणसांना सावरावयास बाजार तासभर बंद ठेवावा लागला होता. यंत्रांना पाच सेकंद पुरले. पण ती पाच सेकंदे कोणीतरी अगोदर विचार करून ठेवलेली होती, आणि विचार करणारा माणूसच होता. रिंगणातला जुना लोकल समोरच्याचा घामेजलेला चेहरा पाहून म्हणाला असता, ‘याला किंमत नको आहे, सुटका हवी आहे.’ पडद्यावर चेहरा नसतो. फक्त आकडा येतो.

ज्यांनी आयुष्य रिंगणात घालविले त्यांतले पुष्कळ जण पडद्यापुढे बसून पाहून अखेर उठून गेले. कान आणि डोळे यांची शिदोरी तेथे चालेना. कॅटलिन झालूम या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक विदुषींनी शिकागोच्या रिंगणात कारकून म्हणून आणि मग लंडनमध्ये पडद्यापुढे सौदे करून, दोन्ही जगांचे वर्णन २००६ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. विदुषीने अभ्यासासाठी कारकुनी पत्करावी ही गोष्ट आमच्या विभागात कोणास खरी वाटली नाही.

जुलै २०१५ मध्ये शिकागोतील वायद्यांची बहुतेक रिंगणे बंद झाली. उलाढालीचा अवघा एक टक्का तेथे उरला होता. मूळ मोठ्या निर्देशांक-कराराचे रिंगण मात्र त्यातून वगळले होते. १३ मार्च २०२० रोजी महामारीमुळे तेही बंद झाले. त्या ऑगस्टमध्ये व्याजदराच्या विकल्पांचे एक रिंगण पुन्हा उघडले. निर्देशांकाचे उघडले नाही. मे २०२१ मध्ये कंपनीने ते कायमचे बंद केल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरची मुदत संपताच १९८२ चा तो करार यादीतून काढून टाकला. त्या दिवशी निर्देशांक ४,४०० च्या वर होता. म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकासाठी काढलेला ‘लघु’ करार तेव्हा दोन लाख वीस हजार डॉलरांचा, मूळ कराराच्या आरंभीच्या किमतीच्या जवळजवळ चौपट झाला होता. सामान्य माणसास तोही झेपत नाही, म्हणून मे २०१९ मध्येच त्याच्याही दहाव्या हिश्शाचा, पाच डॉलर गुणकाचा, आणखी एक करार निघाला होता.